मूर्तीला मामाचा आहेर

पुण्याच्या रंगमंचावर मी आयुष्यात एकदाच उभा राहिलो, तेही ओणवा.

झालं असं, की तिथल्या एका मोठ्या कलाकेंद्राच्या उन्हाळी महोत्सवात माझ्या भाचीला, ऋतुजाला, काम मिळालं. कशाचं? दगडी मूर्तीचं! बाकीच्या पोरी भोवती नाचणार आणि ही मधोमध हात पुढं करून उभी.

"मामा, आज जरा जरी हलले ना, तर मॅडम उद्याच्या प्रयोगातून काढणार हायत," तिनं रडवेल्या आवाजात सांगून ठेवलं होतं.

पण भाची पहिल्यांदा स्टेजवर चढणार आणि मामाचा आहेर न्हाई? जालन्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती! मी राजूरच्या गणपतीपुढचा नारळ आणि आमच्या अख्ख्या रोलिंग मिलला गुंडाळून उरेल एवढा फेटा घेऊन पहिल्या रांगेत बसलो.

"सत्कार कधी हाय?" मी बायकोला विचारलं.

"गप बसा वो! हे पुणं हाय."

नाच रंगात आला आणि एकदम सगळं थांबलं. वाजवणं बंद. मिणमिणता उजेड. सभागृहात कुणी श्वास घेईना. आता आमच्याकडे कार्यक्रमात अशी शांतता पसरली, की एक तर लाइट गेलेली असते, नाहीतर सत्काराला माणूस हुडकून राह्यलेले असतात. मी उठलो. बायकोनं शर्ट ओढला. गुंड्या तिच्याकडं राहिल्या, मी स्टेजवर!

माझ्यावर लख्ख उजेड पडला. (लाइटवाल्याला वाटलं, मी त्यातलाच!) मी फेटा बांधायला घेतला.

"मामा, उतर खाली," मूर्ती ओठ न हलवता बोलली.

"झालंच माय, दोन पेच राह्यले. तू बिलकुल हलू नको!"

तिचा तळहात पुढं होताच. इतकी बराबर सोय बघून मी त्यावर नारळ ठेवला.

आणि हात थरथरायला लागला.

आधी करंगळी. मग मनगट. विंगेत मॅडम डोळे वटारून तिच्या हाताकडंच बघत होत्या. नारळ उचलावा, तर हात वर उडणार. ठेवावा, तर खाली येणार! पोरीचं काम माझ्यापायी हातचं चाललं! मी घाबरून तिच्या हाताखाली शिरलो आणि तिचं कोपर खांद्यावर तोललं. घाम नाकावर आला, घामावर माशी आली (एसीच्या त्या गारठ्यातही! मला वाटतं, बसमधून माझ्यासोबतच आल्ती). मी नाक वाकडं केलं, कान हलवले, शिंक गिळली. ऋतुजा दगड. नारळ दगड. आणि शेवटी, एकदाचा, पडदा!

बाहेर टाळ्यांचा कडकडाट. आत मॅडम तरातरा आल्या. मी फटकन हात जोडले.

"मॅडम, पोरीचा काही कसूर न्हाई, समदी चुकी माझी..."

"ऋतुजा, तू पक्की," मॅडम म्हणाल्या. "फेटा छान दिसतो, राहू दे. नारळही उद्या लागेल."

मग माझ्याकडं बोट केलं.

"यांना तेवढं काढा. फार हलतात."