तिला सांगितलेला शेवट
पोथ्यांच्या कपाटात परवा चित्रपटाची एक जुनी सीडी हाती लागली आणि अमळनेरच्या घरातली ती दुपार आठवली. धुळ्याला पत्नीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. दृष्टी परतेल की नाही, हे पट्टी सुटल्यावरच कळणार होते. त्या भयाने तिचे अन्न तुटले होते. ऐकून तरी मन रमेल, म्हणून शेजारच्या सुनेने सीडी लावून दिली. खून झालेला प्रियकर अदृश्य रूपाने येऊन प्रेयसीला मारेकऱ्यापासून वाचवतो, अशी कथा. चित्रपटांपासून आयुष्यभर दूर राहिलेला मी पडद्यावरचे सारे तिला प्रवचनाच्या स्वरात सांगू लागलो. “अहो, कीर्तन नका करा! ती दिसस कशी, ते सांगा,” म्हणत ती कितीतरी दिवसांनी हसली. अखेरीस प्रियकर प्रकाशात विरून गेला. “आते काय व्हयनं?” तिने माझा हात घट्ट धरला. असत्य न बोलण्याचे माझे व्रत होते. “तो तिच्यापाशीच राहिला,” मी म्हणालो. “मंग ती का रडस?” मी घाईने आवाज बारीक केला. तशी तीच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, तुमनंच खरं शे. आते जेवण वाढा.” पुढे पट्टी सुटली, तिला स्वच्छ दिसू लागले, तो चित्रपट मात्र तिने पुन्हा कधी लावू दिला नाही. त्या असत्याचे प्रायश्चित्त मीही आजवर घेतलेले नाही.