माडीवरची जाड फळी

बांग चॉलगूने कोरियातल्या वोंजू शहरात एकतीस वर्षं घरांच्या जमिनी घातल्या. गुडघे गेले, केस गेले, जीभ मात्र बोथट झाली नाही. बायको म्हणायची, "तुमच्या तोंडापायी अर्धी गिऱ्हाइकं पळतात." तो म्हणायचा, "गाढवंच पळतात ना? पळू देत."

आता ह्वांग सोक्तेचंच बघा. बँकेतून निवृत्त झालेला साहेब. गावाबाहेर दोन मजली घर बांधलं आणि खेड्यातून एक्याऐंशी वर्षांच्या आईला आणून माडीवरची खोली दिली. का, तर तिथून डोंगर दिसतो! म्हातारीला जिना चढवेना आणि हा तिला डोंगर दाखवतोय. ती जन्मभर खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेली. तिने लेकाला बजावलं होतं, "माझं घर विकू नकोस. हा हिवाळा काढते. पाठ शेकली तर राहीन, नाहीतर माझी मी परत."

त्या खोलीची जमीन घालायला चॉलगूला बोलावलं. त्याने आपल्या रीतीप्रमाणे बॉयलर पेटवला, कोऱ्या सिमेंटवर तीन तुकडे मांडले: एक प्लास्टिकची चटई, एक पातळ लाकडी पट्टी आणि साहेबांनी परदेशातून मागवलेली बोटभर जाड ओकची फळी. तासाभराने तो म्हणाला, "आजी, पडा बघू एकेकावर. पाठच सांगेल."

पातळ पट्टीवर पडल्या पडल्या आजी म्हणाली, "अगं बाई, हाडं सैल झाली!" ओकवर पडून विचारलं, "हे अजून पेटवलं नाहीस का रे?"

"ऐकलंत साहेब? खाली नळ्यांत गरम पाणी फिरतंय आणि वर तुम्ही हे जाड झाकण ठेवताय. ऊब यायची कुठून?"

"मिस्त्री, पाहुणे आले तर काय ही पातळ पट्टी दाखवू?"

"पाहुणे झोपणारेत का इथे?"

"तुम्ही फळ्या घाला. आईचं मी बघतो. आणि खाली नमद्याचा जाड लोकरी थरही घाला, पावलांचा आवाज नको."

नमदा! म्हणजे झाकणाखाली आणखी एक झाकण. वर खाली कोट घातलेली जमीन. चॉलगूने मनातल्या मनात शिव्या हासडल्या, पण फळ्या घातल्या. ते पुढे त्याच्या मनाला फार लागलं.

जानेवारीत साहेबांचा फोन आला, फळ्यांना भेगा पडल्या. पडणारच! ऊब येईना म्हणून ह्या शहाण्याने महिनाभर बॉयलर बेफाम पेटवून ठेवला होता. चॉलगू माडीवर गेला, तर तापवलेल्या जमिनीवर विजेवर तापणारी गादी! त्याने कपाळावर हात मारला. शेजारी आजी गाठोडं बांधत होती.

"आई, एवढं काय झालं?" साहेब म्हणत होते.

"काल तू उशिरा येणार होतास," आजी म्हणाली. "तुझा भाताचा वाडगा झाकून गोधडीखाली जमिनीवर ठेवला, गरम राहील म्हणून. तुझ्या बापाला ठेवायचे, तुला ठेवायचे, तसाच. पाठीचं मेलं सोसलं असतं रे. पण काल पोराला गारढोण भात वाढला मी."

"मायक्रोवेव्ह होता की, आई."

आजीने गाठोड्याची गाठ आवळली. चॉलगूने गाठोडं काखेत मारलं आणि जिन्यावर तिला हाताचा आधार दिला.

"आई, उद्याच बदलतो जमीन!" साहेब वरून ओरडले.

"बदल," आजी पायऱ्या उतरत म्हणाली. "तुझ्यासाठी बदल. तूही म्हातारा होशीलच की."