बाबांच्या रेझरचं ब्लेड

शेव्हिंग क्रीमचा वास आला की मला इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समधलं आमच्या घरामागचं दुकान आठवतं. बाबा जाऊन दहा दिवस झाले होते, आणि मी सतरा वर्षांचा होतो. व्हिडिओ कॉलवर पुण्याहून काका म्हणाले, "मुंडण मशीननं नको रे, डोक्यावरून ब्लेड फिरायला हवं." बाबांचा स्टीलचा रेझर बाथरूममध्ये तसाच होता, त्याच्या खाचेत साबण वाळलेला. मला तोच वापरायचा होता, पण ब्लेड्स संपली होती. दुकानातल्या बाईनं पाकीट हातात घेतलं, माझ्याकडे पाहिलं आणि आयडी मागितलं. "अठराच्या खाली देता येत नाही, लव्ह," ती अगदी मायेनं म्हणाली, "डॅडला घेऊन ये ना." माझ्यामागे रांग होती. मी "ओके" म्हणालो आणि बाहेर पडलो. घरी येऊन "दिलं नाही" एवढंच सांगितलं. आईनं कोट चढवला; बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच एकटी बाहेर पडत होती. आता माझं वय कोणी विचारत नाही. तरी काउंटरवर ब्लेडचं पाकीट ठेवलं की माझी नजर दाराकडे जाते.