सात पायऱ्यांची शाळा

ये, अशी जवळ बस. आणि तो कागद आधी खाली ठेव. सांगलीहून शाळेच्या नव्या इमारतीचा नकाशा काढून आणलास, मावशीला आधी दाखवलास, बरं वाटलं. पण चाकाच्या खुर्चीतल्या पोरांसाठी उतार काढलास तो कुठं? मागं. संडासाच्या बाजूला. एवढी इंजिनेर झालीस गं, आणि तुला हे दिसू नये? तोंड पाडू नकोस. ऐक.

वडूजजवळचं हेच आपलं गाव. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. नव्या शाळेच्या पायरीखाली मी पोतं टाकून बसलेय. वय आठ. तान्ही असताना ताप आला, तेव्हापासून दोन्ही पाय लुळे. गुरुजी वर दारात उभे. म्हणाले, "ये की वर. कुणी पाय बांधल्यात व्हय तुझं?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

शाळा श्रमदानाची. शेजारच्या गावच्या शाळेला पाच पायऱ्या, म्हणून सरपंचांनी हट्टानं आपल्या शाळेला सात घातल्या. जोतं तेवढं उंच. आपला कोरडा मुलूख, पाणी शिरायची भीती नाही. नुसती मिजास. आणि त्या जोत्याचा दगड फोडला आमच्या वस्तीनं. माझ्या आईनं फोडला, डोक्यावर वाहिला.

आई मला वर नेऊन ठेवायला तयार होती. पण ती कामावर गेल्यावर लघवीला मला खाली कोण आणणार? वर्गात चाळीस पोरं, शिवायचं कुणी? आम्ही बौद्ध झालो होतो, गाव होतं तिथंच होतं. गुरुजी म्हणाले, "वर घाण करंल. खालीच बसू दे." मग वर्षभर खाली. उन्हात. ऐकू येईल तेवढं शिकायचं. फळा कधी दिसला नाही.

वर्षानं उद्घाटन ठरलं. साताऱ्याहून साहेब येणार. सकाळीच सरपंच आईला म्हणाले, "पोरगी आज मागं ठेव, भिंतीआड. सायबाच्या पुढ्यात नगं."

आईनं मला उचललं, मागं नेऊन ठेवलं.

पुढं लेझीम सुरू झालं. मला काय झालं कोण जाणे. हातांवर सरकत, भिंतीला वळसा घालून मी पुढं आले. पायरीकडं पाठ केली. तळहात टेकले. ढुंगण वर घेतलं. एक. पुन्हा हात. दोन. तोंड सगळ्या गावाकडं. परकर वर सरकला, टाचा सोलल्या. लेझीम थांबलं.

"आरं, उचला तिला! बाजूला घ्या!" सरपंच ओरडले.

कुणी पुढं येईना. ज्या विटाळानं मला वर्षभर खाली बसवलं, त्याच विटाळानं त्या दिवशी एकाचाही हात माझ्यापर्यंत येऊ दिला नाही. चार. पाच.

"ए बये, तू तरी घे की!" सरपंच आईला म्हणाले.

आई गर्दीच्या कडेला होती. म्हणाली, "आवं, तिची ती चढतीया. चढू द्या."

सातवी चढले. आत गेले. फळ्यासमोर जाऊन बसले. गुरुजी दातओठ खात म्हणाले, "झालं? आता उतर."

मी म्हणाले, "न्हाई."

चौथीपर्यंत रोज तशीच चढले. तळहाताला घट्टे पडले. हे बघ, अजून आहेत. पुढचं सगळं घरी बसून, मिळेल ते वाचून शिकले.

म्हणून सांगते. मागची वाट मला ठाऊक आहे. दयेनं दिली तरी ती मागचीच. शाळा समितीत माझी सही लागते ना? मग तुझ्या साहेबांना सांग, मावशी न्हाई म्हणाली. उतार पुढच्या दाराला. पायांवर येणाऱ्या आणि चाकांवर येणाऱ्या सगळ्या पोरांना तोच एक. जोतं खाली आण. संडासाचं दार रुंद कर, खुर्ची आत वळली पाहिजे. तोवर सही नाही. कुणीही येऊ दे समजवायला.

जा, कागद पुन्हा काढ. आणि लवकर ये गं, या रविवारीच ये. मी पुढच्या दारातच बसलेली असेन.