लाल दुलईवरची अनवाणी पोरं

एकाहत्तर वर्षांच्या आईसाठी मी नवरा-नवरीची दुलई विकत आणली. चायनाटाउनमधून, घासाघीस करून, वर स्वतःवर खूश होत.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे… दोनदा दिसल्याशिवाय मी बगसुद्धा मानत नाही.

परदेशात, यिशुनमध्ये, माझा नि बायकोचा भाड्याचा फ्लॅट, नववा मजला. बाबा गेल्यावर आईला इथे आणलं, पण महिन्याभरात तिने बॅग काढली. "तुम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. इथे माझं काम काय? पुण्यात निदान दूधवाल्याशी भांडते तरी." ती तिथे एकटी राहणार, या विचारानेच मला धडकी भरायची. एसी गार लागतो म्हणाली, म्हणून ही दुलई. लाल सॅटिनवर भरलेली गुबगुबीत चिनी पोरं – कुणाकडे मासा, कुणाकडे कमळ, कुणाकडे ढोलकं.

शेजारची चिनी आंटी पाहून हसत सुटली. "अय्यो, वेडिंग बेड वन ला! सो मेनी बॉइज, यू गेट मेनी बेबी!"

"काय म्हणतेय रे?" आईने विचारलं.

"रंग छान आहे म्हणतेय."

आईचं लक्ष भलतीकडेच. "सगळी अनवाणी आहेत मेली." संध्याकाळी तिने कमळवाल्याच्या पायांत हिरव्या दोऱ्याने बूट भरले. सकाळी मी फोटो काढून नाशिकला ताईला पाठवला आणि ऑफिस गाठलं. तिथे कळलं, गडबडीत आईचा चष्माही माझ्याच बॅगेत आलाय. चष्म्याशिवाय तिला सुई सोडा, सुईचा डबाही दिसत नाही.

संध्याकाळी परतलो, तर हिरवे बूट ढोलकंवाल्याच्या पायांत. कमळवाला अनवाणी! त्याच्या पायांशी सुईचं एक भोक नाही. फोनमधला फोटो उघडला, खात्रीसाठी ताईकडचाही मागवला. दोन्हींत बूट कमळवाल्याच्याच पायांत.

आईला चष्मा दिला. तिने निवांत निरखलं. "भांडली असतील. एकाला दिलं की दुसऱ्याला हवंच. हिरवा दोरा आण भरपूर, सगळ्यांना करते. आणि ते पुण्याचं तिकीट पुढे ढकल."

आता सगळ्यांच्या पायांत बूट आहेत, पुन्हा काही हललं नाही. म्हणजे माझ्याच नियमाने हा बग मानता येत नाही… आणि फोटो डिलीट करवत नाही.

त्या दिवशी मात्र मी चिडून म्हटलं होतं, "महिनाभर मी थांब थांब म्हणतोय, ते नाही ऐकलंस?"

सुईत दोरा ओवताना तिने वरही पाहिलं नाही. "त्यांना माझ्याकडून काहीतरी हवंय. तू मला नुसता वाय-फायचा पासवर्ड दिलास."