सासऱ्यांच्या गाडीचं वजन

ती फायबरच्या कारखान्यात घसरगुंड्या बनवायची. बागेतल्या, शाळेतल्या, लाल, पिवळ्या, वळणाच्या, सरळसोट. त्यामुळे तिथे तिचं खरं नाव कधीच मागे पडलं होतं आणि ‘घसरगुंडी’ हेच चिकटलं होतं. फायबरच्या मॅटमधले काचेचे धागे अंगाला चावत, त्यांवर ओतायच्या चिकट रेझिनचा वास केसांतून जाता जात नसे. पण साच्यातून अख्खी घसरगुंडी सुटून आली की तिला दर वेळी नव्याने आनंद व्हायचा. ड्रायव्हरने दांडी मारली तर माल पोचवायचा टेम्पोही तीच हाकायची.

लग्न होऊन ती आली त्या घरात माणसं दोनच. नवरा दातांचा डॉक्टर, बोलघेवडा. सासरे जन्मभर बसच्या आगारात पोचे आलेले पत्रे सरळ करत आलेले. नवरा म्हणायचा, “बाबा डेंटर, मी डेंटिस्ट. धंदा एकच, फक्त माझं गिऱ्हाईक ओरडतं.” सासऱ्यांनी मात्र सासूबाई गेल्यापासून मूग गिळले होते. ‘जेवलीस का’ आणि ‘येतो’ यापलीकडे सुनेशी बोलणं नाही. आपण त्यांना आवडलोच नाही, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

त्यांचा जीव एकाच गोष्टीत. मागच्या शेडमधली दोन दारांची जुनी स्पोर्ट्स गाडी. कुणीतरी झाडावर आदळून भंगारात काढलेली, ती त्यांनी पत्रा पत्रा ठोकून पुन्हा उभी केली होती. शहराबाहेरच्या घाटात मोटर क्लबची शर्यत व्हायची. एकेक गाडी पायथ्यापासून सुटायची आणि माथ्यावर घड्याळ लावलेलं असायचं. सासरे दर वर्षी उतरत आणि दर वर्षी शेवटून पहिले येत.

एका रविवारी ती शेडमध्ये चहा घेऊन गेली, तर सासरे ड्रिल घेऊन बॉनेटला भोकं पाडत बसलेले.

“बाबा, चाळणी करताय का?” तिच्या तोंडून निसटलं आणि तिने जीभ चावली.

सासऱ्यांनी ड्रिल बंद केलं. “वजन कमी करतोय,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “इंजिन म्हातारं झालंय. त्याला नवी ताकद कुठून आणू? निदान त्याच्यावरचं ओझं तरी उतरवावं.”

इतकं लांबलचक बोलणं तिने त्यांच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं. तिने बॉनेट उचलून पाहिलं, एका बाजूने जेमतेम हललं. “मी फायबरचं करून देऊ?”

सासऱ्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “जमेल?”

“घसरगुंडीपेक्षा सोपं आहे.”

तेव्हापासून त्यांचे रविवार शेडमध्ये जाऊ लागले. सासऱ्यांनी भोकं बुजवून पत्रा गुळगुळीत केला, तिने त्यावर मेण चोळून साचा काढला. साच्यात मॅटचे थर दिले, रेझिन पाजलं, रोलरने बुडबुडे दाबून काढले. दारांच्या आतला पत्रा सासऱ्यांनी मधून मधून कापला, खिडक्यांच्या काचांऐवजी हलकं अॅक्रिलिक बसवलं, मागचं बाक काढलं. डोळे मिटून पत्र्यावर तळवा फिरवायचा, पोचा हाताला आधी कळतो, डोळ्याला नंतर, हे त्यांनी तिला शिकवलं. कामाच्या नादात बोलूही लागले. सासूबाई या गाडीत बसल्या की घाटभर डोळे घट्ट मिटून घेत आणि माथ्यावर पोचल्यावर ‘किती छान दिसत होतं’ म्हणत, हे सांगताना ते स्वतःशीच हसले. नवरा दारातून डोकावून म्हणाला, “उद्या मलाही काट्यावर चढवूनच घरात घ्याल तुम्ही!”

नवं बॉनेट तिने एका हातावर तोलून अंगणात आणलं, तेव्हा सासऱ्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

गाडी पळवून बघायला दोघं मोकळ्या रस्त्यावर गेली. वेग वाढला तशी बॉनेटची पुढची कड थरथरू लागली. ती “बाबा...” म्हणेपर्यंत खटका उपटून बॉनेट धाडकन समोरच्या काचेवर आदळलं. पुढचं काही दिसेना. सासऱ्यांनी स्टिअरिंग जराही न हलवता हळूहळू ब्रेक दाबला आणि दुसरा हात तिच्यासमोर आडवा धरला. गाडी थांबली तरी तो हात तसाच होता.

ती रडायलाच लागली. “माझ्यामुळे तुम्हाला काही झालं असतं तर?”

“आपल्यामुळे म्हण. जुनाच खटका मी ठेवला.”

पण तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच. ती शेडकडे फिरकेना. सासऱ्यांनी आग्रह केला नाही. एक दिवस ते सरळ तिच्या कारखान्यात येऊन उभे राहिले. ती साच्यावर वाकलेली.

“ही एवढी पातळ,” त्यांनी तयार घसरगुंडीवर टिचकी मारली. “पोरं उड्या मारतात, मग मोडत कशी नाही?”

“खालून फासळ्या असतात, बाबा. फोमची पट्टी ठेवायची, तिच्यावरून मॅट...” बोलता बोलता ती थांबली.

“बघ,” सासरे म्हणाले, “येतं की तुला.”

दुसऱ्या बॉनेटला आतून फासळ्या आल्या आणि पुढे दोन्ही कोपऱ्यांत पिन घालून बंद होणारे पक्के खटके. शेजारची सीटही निघाली. भंगारवाल्याच्या काट्यावर गाडी चढवली तेव्हा आकडा बघून सासरे खूश झाले. मग त्यांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली.

“आता यातलं सगळ्यात जड सामान मीच. तू चालव.”

“काहीतरीच काय! गाडी तुमची.”

“घाटातून टेम्पोभर घसरगुंड्या कोण नेतं?” मग त्यांचा आवाज उतरला. “वळणावर हल्ली माझा हात थरथरतो. कुणाला बोललो नाही.”

तिने किल्लीसाठी हात पुढे केला.

शर्यतीच्या सकाळी क्लबच्या तपासनिसाने बॉनेट ठोकून, खटके ओढून पाहिले. “कुणी केलंय?”

“सुनेने,” सासरे म्हणाले. इतक्या मोठ्याने की पलीकडच्या गाडीवाल्यांनीही वळून पाहिलं.

झेंडा पडला आणि गाडी अशी उसळली की तिला स्वतःलाच नवल वाटलं. टेम्पोचं धूड वळवायची सवय असलेल्या हातांना ही गाडी कागदासारखी वाटत होती. एका तीव्र वळणावर मागची चाकं सरकली, तिने घाबरून स्टिअरिंग सावरलं, आणि मग माथ्यापर्यंत तिला फक्त रस्ता दिसत राहिला.

नंबर मधला कुठलातरी आला. बक्षीस वगैरे नाही. मुलाच्या गाडीतून आधीच माथ्यावर येऊन थांबलेल्या सासऱ्यांनी निकालाच्या फळ्याकडे पाहिलंही नाही.

“चाकं सरकली?”

“सरकली.”

“भ्यालीस?”

“भ्याले. मग मजा आली, बाबा.”

सासरे हसता हसता डोळे पुसू लागले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवूनच दिला.

परतताना गाडीत सीट एकच, म्हणून ते मुलाच्या गाडीत बसले. पुढे ती घाट उतरत होती. मुलाने जरा वेग वाढवला, तसे सासरे म्हणाले, “अंतर ठेव रे. मागून गाडी आली की तिला उगाच घाई होईल.”

“बरं,” मुलगा म्हणाला आणि त्याने वेग कमी केला.