वार्तिनीच्या घराचे खांब

तैवानमधल्या आमच्या ह्वालिएन शहरात माझं सोयादुधाचं दुकान आहे. त्याच इमारतीत वर चौथ्या मजल्यावर अमा राहतात. अमा म्हणजे आजी. सगळी गल्ली त्यांना याच नावानं ओळखते. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत. त्यांच्या देखभालीला जावा बेटावरून वार्तिनी आली, त्याच दिवशी अमांनी तिच्यासमोरच मला विचारलं, "हिला स्वयंपाक येतो का गं?"

"येतो," वार्तिनीच म्हणाली. "तुम्हाला तो सोसेल का, ते बघू."

तेव्हापासून दोघींचं जमलं ते जमलंच.

दोन वर्षांपूर्वी वसंतात, सकाळच्या गर्दीच्या वेळी भूकंपाचा मोठा धक्का बसला. माझ्या दुकानातले वाडगे धडाधड खाली आले. वर वार्तिनीनं अमांच्या अंगावर स्वतःला झोकून दिलं होतं. थरथर थांबल्यावर तिच्या अंगाखालून अमा ओरडल्या, "ऊठ आता! भूकंपातून वाचले, तुझ्या वजनानं मरेन!" मग वार्तिनीनं त्यांना पाठुंगळी घेतलं आणि जिना उतरली. इमारत उभी होती, फक्त जिन्याजवळच्या भिंतीला मोठी भेग गेली होती.

आम्हा सगळ्यांना शाळेच्या सभागृहात नेलं. दुपारपर्यंत तिथे प्रत्येक कुटुंबाला आपापला तंबू मिळाला. झोपायला खाटा होत्या, आंघोळीला गरम पाणी होतं, आणि खांदे चोळून द्यायलासुद्धा माणसं आली होती. संध्याकाळी अमांनी सूप चाखून तोंड वाकडं केलं. "अळणी आहे!"

वार्तिनी हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"काय झालं गं?" अमा दचकल्या.

मग तिनं सांगितलं. बांतुलजवळच्या तिच्या गावात भूकंप झाला तेव्हा ती शाळकरी होती. घरं विटांची, पण खांबात लोखंड नावालाही नाही. अख्खी आळी मटकन खाली बसली. धाकट्या बहिणीच्या, लास्मीच्या पायावर भिंत पडली. दवाखान्यात जागा नव्हती, म्हणून पोर अंगणात चटईवर पडून राहिली. हाड वाकडंच जुळलं. ताडपत्री मिळायलाही कितीतरी दिवस गेले. शेजाऱ्यांनी मिळून बांबूची झोपडी उभी केली आणि तिच्यातच घरची माणसं वर्षानुवर्षं राहिली.

"आणि इथे तुम्ही सूप अळणी म्हणून भांडताय, अमा!"

अमांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मी लहान होते तेव्हा इथेही असाच भूकंप झाला होता. आई आम्हाला घेऊन बैलगाडीखाली झोपायची. कुणी आलं नाही विचारायला. येणार कोण? देशाकडेच काही नव्हतं. जमीन तीच आहे गं, तेव्हाही हलायची, आताही हलते. मधल्या काळात आमच्याकडे पैसा आला, एवढंच." आणि सूप मुकाट्यानं संपवलं.

सरकारी इंजिनियर येऊन भेगा तपासून गेले. खांबांना पोलादी पट्ट्या बसवल्या. तोवर राहायला भाड्याचं घर मिळालं, आणि उन्हाळा संपायच्या आत आम्ही परत आपापल्या जागी होतो.

त्याच सुमारास वार्तिनीच्या कमाईवर गावात तिच्या आईचं पक्कं घर बांधायला घेतलं होतं. अमांनी व्हिडिओ कॉलवर गवंडी वागिमानकाकांना गाठलं. वार्तिनी मध्ये बसून दोघांचं बोलणं एकमेकांच्या भाषेत सांगत होती.

"खांबात लोखंड किती घालताय?"

"परवडेल तेवढं."

"म्हणजे किती? दाखवा बघू. अहो, हे काय खांबाचं लोखंड आहे? कपडे वाळत घालायची तार आहे ही!"

वागिमानकाका चिडले. "आजी, नियम आमच्याकडेही आहेत, कागदावर चांगले कडक आहेत. पण घर तपासायला कुणी येत नाही आणि लोखंडाचे पैसे कुणी देत नाही. तुमची भिंत पडली तर सरकार उभी करून देतं. इथे मीच करतो. मला काय शिकवता?"

वार्तिनी हे घाबरतच सांगत होती. अमा मात्र खूश झाल्या. "माणूस खरं बोलतो. त्याला सांग, म्हणूनच म्हणते. तुमच्याकडे दुसऱ्यांदा बांधून द्यायला कुणी नाही, तर पहिल्यांदाच नीट बांधा."

पैसे तेवढेच होते. जास्त लोखंड घ्यायचं तर पुढचा नक्षीदार सज्जा सोडावा लागणार होता. वार्तिनीची आई रडकुंडीला आली. "शेजारच्या सुमिराच्या घराला सज्जा आहे! लोक काय म्हणतील?"

तेवढ्यात लास्मी लंगडत पुढे आली, आईच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "मला सज्जा नको. जाड खांब हवेत."

विषय संपला. वागिमानकाकांनी कोपऱ्याकोपऱ्यात सळ्या वाकवून बांधल्या आणि वर काँक्रीट ओतण्याआधी एकेक खांब फोनवर दाखवला. अमा चष्मा लावून बघायच्या. "हं. हा चालेल."

गेल्या पावसाळ्यानंतर त्या गावाला पुन्हा धक्का बसला. पूर्वीइतका मोठा नव्हता, पण सुमिराचा सज्जा खाली आला आणि दोन भिंती फाटल्या. माणसं शेतावर होती म्हणून वाचली. वार्तिनीच्या आईच्या घरातल्या फक्त कुंड्या फुटल्या. तेव्हापासून सुमिराचं कुटुंब त्यांच्याकडेच राहतंय. वार्तिनीची आई हे फोनवर सगळ्यांना स्वतःहून सांगते.

परवा वागिमानकाकांचा फोन आला. सुमिराकडे चांगल्या लोखंडाचे पैसे जेमतेम दोन खोल्यांपुरते आहेत, चार खोल्यांना पुरवायचं तर पुन्हा तारेवर यावं लागेल. काय करू?

"दोनच बांधा," अमा म्हणाल्या. "बाकीच्या जमेल तेव्हा."

"सात माणसं आहेत आजी, दोन खोल्यांत दाटी होईल."

"होऊ दे. भांडतील थोडे."

दोन खोल्यांचं काम सुरू झालंय. सुमिरा रोज विटा ओलवता ओलवता वागिमानकाकांना विचारते, पुढेमागे सज्जा बांधता येईल ना? तेही रोज हो म्हणतात.